बीड-हेड निंफ घरच्या घरी: पितळी मणी, वाइंडिंगची तार आणि घोंगड्याची लोकर

फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर लोकर-पिसांचा नकली किडा (फ्लाय) बांधून मासे धरणं, म्हटलं की आपल्याकडं लोकांना वाटतंय हे काश्मीर-हिमाचलात ट्राउटच्या मागं फिरणाऱ्यांचं काम, आपलं गांडूळ आणि कणकेचा गोळा बरा. पण बीड-हेड निंफ आपल्या नदीतबी चालतो, चिलापी घेते, रोहू-मृगळाची मध्यम पिल्लं घेतात, आणि वरच्या अंगाला भोगावती-कासारीच्या खडकाळ पाण्यात नशिबात असेल तर खडस (महसीर) पण घेतो. आणि बांधायला लागणारं बहुतेक सामान कोल्हापूर-इचलकरंजीच्या टापूत मिळतंय, फक्त कुठं बघायचं ते माहिती पाहिजे.

आधी हे आहे काय ते बघू. नदीत दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय, कॅडिस, चतुर असल्या किड्यांची पिल्लं राहत्यात, पंख यायच्या आधीची. मेफ्लाय पंख फुटल्यावर जगते काही तास, लई तर एखादा दिवस, पण तिचं पिल्लू त्याआधी कित्येक महिने पाण्यातच असतंय. म्हणजे माशाला वर्षभर ताटात काय वाढलेलं असतंय, तर हे. त्या पिल्लाची नक्कल म्हणजे निंफ, आणि त्याच्या डोक्याला धातूचा मणी घातला की बीड-हेड निंफ.

मण्यानं चकाकी येते हे खरं, पण त्याचं मुख्य काम खाली जाणं आहे. किडा तळाला असतोय, मासा तळाला तोंड लावून असतोय, आणि तुमची फ्लाय दीड फूट वरनं वाहत गेली तर ती कितीबी देखणी असू दे, फुकट. म्हणून निंफमधी वजन पहिलं, रूप नंतर. खाली जे जे सांगतोय, मणी कुठला, लोकर का धुवायची, अंग बारीक का ठेवायचं, ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी.

बांधायच्या आधी जमलं तर नदीवर जाऊन दोन-चार दगड उलटे करून बघा. प्रयाग चिखलीच्या वर, जिथं अजून शहराचं पाणी मिसळलेलं नाही तिथं बघा, खाली बघून उपयोग नाही. दगडाच्या ओल्या बाजूला चपटं, तपकिरी, मागं बहुतेक तीन शेपट्या असलेलं काहीतरी पळताना दिसलं की ते मेफ्लायचं पिल्लू. त्याचा रंग आणि लांबी डोक्यात ठेवा. बहुतेक वेळा ते आपल्याला वाटतंय त्यापेक्षा बारीक आणि मळकट निघतंय, दुकानातल्या फ्लायसारखं चमकणारं नसतंय.

सामान

गळ. १२ नंबरपासनं सुरुवात करा. नंबर वाढला की गळ लहान होतो हे नव्या माणसानं लक्षात ठेवावं, १६ नंबर हा १२ पेक्षा लहान. निंफसाठी थोडी लांब दांडी आणि जाड तारेचा गळ चांगला, मस्टॅडचा ९६७१ हा त्यातला जुना माहितीतला. गांडुळासाठी चपट्या डोक्याचे गळ मिळत्यात ते नकोत, नेढं असलेलाच घ्या, नाहीतर मणी पुढनं सटकून जातोय.

मणी. १२ नंबरला साधारण २.८ ते ३ मिलिमीटर, १४ ला २.४ च्या आसपास, १६ ला २, आणि १० नंबरचा गळ असेल तर ३.२ पर्यंत जावा. फ्लायसाठी तयार मिळणाऱ्या मण्याला एका बाजूला बारीक भोक असतंय आणि दुसऱ्या बाजूला ते रुंद केलेलं असतंय. टंगस्टनची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा टंगस्टन मणी दुपटीपेक्षा जड. पण तो महाग आहे आणि ऑनलाइनच मागवावा लागतोय, आणि पहिल्या पंचवीस-तीस फ्लाय तुम्ही झाडाला, दगडाला आणि बंधाऱ्याच्या फळ्यांना, म्हणजे बरग्यालाच देणार आहात, त्यामुळं शिकताना पितळ.

पितळी मणी कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, आणि इमिटेशनच्या सामानाच्या दुकानात मिळत्यात. तिथं दोन गोष्टी बघून घ्या. एक, तो खरंच पितळेचा आहे का. सोनेरी मुलामा दिलेले प्लास्टिकचे मणी दिसायला सेम टू सेम असत्यात, तळहातावर घेतला की वजनात कळतंय, नाहीतर सुईनं ओरखडा काढा. लोहचुंबक जवळ न्या, चिकटला तर लोखंड, दोन पावसात गंजणार. दुसरं, ह्या मण्यांचं भोक सरळ असतंय, त्यामुळं गळाच्या वाकात तो अडकून बसतोय. २ मिलिमीटरचा ड्रिल बिट हातानंच फिरवून एका बाजूनं भोक अर्ध्यापर्यंत रुंद करायचं, पितळ मऊ असतंय, होतंय. उद्यमनगरात वर्कशॉपवाला कुणी ओळखीचा असेल तर वाटीभर मणी एका बैठकीत करून देतोय, चहा पाजा म्हणजे झालं.

तार. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची इनॅमलची तार मिळते, ती दोन जाडीची घ्या. वजनासाठी २६ गेज, म्हणजे साधारण ०.४५ मिमी, आणि अंगावर वेटोळी दाखवायला ३८ गेज, म्हणजे ०.१५ मिमी. रिवाइंड करताना तुकडे उरत्यातच, तेवढ्यात तुमचं वर्षाचं काम होतंय. काही जण सोल्डरची तार वापरत्यात, पण त्यात शिसं असतंय, हाताला लागतंय आणि फ्लाय तुटली की नदीत जातंय, आणि बिनशिशाचं सोल्डर तांब्यापेक्षा हलकंच असतंय. मग तांबंच काय वाईट.

दोरा. शिवणाचा साधा दोरा जाड पडतो, तीन वेढ्यांत मण्यामागं गाठोडं होतंय. फ्लायच्या दोऱ्यावर ८/० लिहिलेलं असतंय तो ७० डेनियरच्या आसपास. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधी वजन, इचलकरंजीच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. यंत्रमागवाल्याकडनं ७५ डेनियरचं पॉलिएस्टर फिलामेंट एका बॉबिनवर गुंडाळून मागा, काळं किंवा तपकिरी. फक्त त्याला पीळ कमी असतोय, त्यामुळं ते पसरतंय, मग अधूनमधून बॉबिन फिरवून पीळ द्यायचा. खरं तर पसरणारा दोरा चपटा बसतो, त्यामुळं अंग फुगत नाही.

पिसं. गावठी कोंबडीची तपकिरी, मऊ पिसं, चिकनच्या दुकानात मागितली की फुकट मिळत्यात, बॉयलरची पांढरी नकोत. साबणानं धुऊन सावलीत वाळवा आणि डब्यात दोन डांबरगोळ्या टाका, नाहीतर कसर लागते. मोरपीस घरात असतंयच कुणाच्या तरी, कृष्णाच्या फोटोमागं. आपोआप गळालेलं मोरपीस देशात ठेवायला अडचण नाही, परदेशात पाठवायला बंदी आहे. पण इंग्रजी व्हिडिओत बघून रानससा, रानकोंबडा, मुंगूस असल्या जनावरांच्या केसा-पिसाच्या मागं लागू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, नसती भानगड.

लोकर. व्हिडिओत सशाच्या कानाचे केस वापरत्यात, त्याच्या जागी आपली दख्खनी मेंढीची लोकर एकदम काटा किर्र. पट्टणकोडोलीच्या बाजूला धनगरांकडं मागा नाहीतर जुन्या घोंगड्याची फाटकी कड घ्या. ती राठ असते, तिच्यात काळे-तपकिरी-करडे केस मिसळलेले असत्यात आणि मधले राठ केस बाहेर उभे राहत्यात, ते पाण्यात पायासारखे हलत्यात. पण कच्ची लोकर तशीच वापरली तर फसगत, कारण तिच्यात मेंढीच्या अंगाचं मेण असतंय, ते पाणी आत घेत नाही, हवा धरून ठेवतंय आणि तुमचा मणी खाली ओढतोय तर लोकर वर. म्हणून गरम पाण्यात सर्फ टाकून दोनदा धुवा, चोळू नका, चोळली की नमदा होतोय, नुसती बुडवून ठेवा आणि दाबून काढा. वाळल्यावर कात्रीनं अर्ध्या इंचाचे तुकडे करून बोटांनी पिंजून घ्या.

हत्यारं जास्त नकोत. व्हाईस (गळ घट्ट धरणारा शिकंजा) नसेल तर पिन व्हाईस किंवा छोट्या ड्रिलचा चक टेबलाला क्लॅम्प करा, गळ हलला नाही पाहिजे एवढंच. टोकदार बारीक कात्री, चिमटा, सपाट तोंडाची पक्कड, आणि गाठीसाठी बॉलपेनच्या रिफिलची रिकामी नळी. मधमाशीच्या मेणाचा तुकडा मिळाला तर बघा. आणि ट्रान्सपरंट नेलपॉलिश, घरात विचारून.

बांधायला घ्या

पहिल्यांदा गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. एका झटक्यात दाबला तर टोकासकट मोडतोय, हळूहळू दोन-तीन वेळा दाबा. काटा असला की मणी जातबी नाही, आणि मासा सोडतानाबी त्याचं तोंड फाटतंय.

आता मणी. गळाचं टोक मण्याच्या बारीक भोकातनं आत घाला, रुंद भोकातनं नाही, आणि मणी वाकावरनं फिरवत नेढ्यापर्यंत न्या. म्हणजे बारीक भोक नेढ्याकडं येतंय आणि रुंद तोंड मागं. उलटा घातला की नेढं मण्यात घुसतंय आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ओवायला जागा राहत नाही. मणी खाली पडला तर फरशीवर शोधत बसावं लागतंय, म्हणून खाली पांढरं ताट ठेवा.

२६ गेजची तार दांडीवर, मण्याच्या मागं, आठ ते दहा वेढे एकाला एक चिकटून द्या. गाठ नाही, काही नाही, नुसते वेढे. दोन्ही टोकं कापून नखानं दाबून टाका आणि सगळा गठ्ठा पुढं ढकलून मण्याच्या रुंद तोंडात घुसवा. त्यानं मणी मधोमध बसतोय, डुगडुगत नाही, आणि वजन छातीत येतंय जिथं पाहिजे. तार शेपटीपर्यंत नेऊ नका. मागचा भाग हलका राहिला की फ्लाय डोकं खाली करून बुडते, तेच पाहिजे.

तारेच्या मागं दोरा सुरू करा, पाच-सहा वेढे स्वतःवरच देऊन टोक कापा. तारेच्या शेवटी एकदम पायरी असते, तिथं दोऱ्यानं उतार करा, मग तारेवरनं तिरके वेढे देत मण्यापर्यंत जाऊन परत या. आता दोरा दाबलेल्या काट्याच्या बरोबर वर दांडीवर आला पाहिजे. वाकात उतरू नका.

शेपटी. कोंबडीच्या तपकिरी पिसाचे पाच-सहा तंतू, टोकं सारखी करून एका चिमटीत तोडून घ्या. लांबी दांडीच्या निम्मी. ते दांडीच्या बरोबर वर धरायचे, दोरा चिमटीच्या मधनं वर न्यायचा, पलीकडं सोडायचा, आणि चिमूट न सोडता सरळ खाली ओढायचं. चिमूट आधी सोडली की शेपटी पलीकडच्या बाजूला फिरते, बहुतेकांचं इथंच बिघडतंय. दोन वेढे झाले की वरनं बघा, शेपटी दांडीच्या सरळ रेषेत आहे का. नसेल तर आत्ताच उलगडा, पुढं सरळ होत नाही. तंतूंची उरलेली टोकं तारेच्या पायरीपर्यंतच ठेवून कापा, म्हणजे खड्डा भरून निघतोय.

३८ गेजची तार पलीकडच्या बाजूनं, पायरीपासनं शेपटीपर्यंत पूर्ण लांबी दोऱ्याखाली दाबत बांधा आणि मागं लोंबकळत सोडा. फक्त शेपटीपाशी टोक बांधलं तर तिथं उंचवटा येतोय.

लोकर. इथं हात आवरा. चिमटीत जेवढी येते त्याच्या निम्मी घ्या, आणि मग त्याच्या निम्मी. दोऱ्याला मेण लावून, अंगठा आणि तर्जनीमधी लोकर दोऱ्यावर एकाच दिशेनं पिळायची, पुढं-मागं पिळलं तर सुटते. दोऱ्यावर बसलेली लोकर डोळ्याला जेमतेम दिसावी, दोन-अडीच इंच लांब दोरी झाली की बास. शेपटीपासनं वेढे सुरू करा, मागं बारीक, पुढं जरा जाड, आणि दांडीच्या साठ टक्क्यांवर थांबा. मण्यामागं छातीसाठी जागा राहिली पाहिजे, गर्दी झाली की शेवटची गाठ मण्यावरनं घसरते.

आता बारीक तार उलट्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे लोकर तुमच्यापासनं पलीकडं गुंडाळली असेल तर तार पलीकडनं तुमच्याकडं. पाच-सहा वेढे, मधलं अंतर सारखं. उलटं गुंडाळल्यानं तार लोकरीच्या वेढ्यांत बुडत नाही आणि चिलापीच्या दातांनी लोकर तुटली तरी अंग सुटत नाही. दोऱ्यानं बांधून टाका आणि तार कात्रीनं कापू नका, धार जाते. धरून गोल गोल हलवा, मुळातनं तुटते.

छातीवर पाठीचं कवच पाहिजे असेल तर जुन्या साडीच्या काठातली चपटी जर, एक पट्टी, मागं तोंड करून बांधा. नसली तरी चालतंय, मी गढूळ पाण्यातच लावतो. मग मोरपिसाचे तीन तंतू, टोकाकडचे नाजूक असत्यात म्हणून इंचभर कापून टाका, दोऱ्याबरोबर एकत्र पीळ द्या म्हणजे मजबूत दोरी होते, आणि चार-पाच वेढे देत मण्याला भिडवा. मोरपिसाचा तो हिरवट तांबूस रंग ओला झाला की जिवंत दिसतो, त्याला दुसरं काही सापडलेलं नाही अजून.

पायांसाठी मऊ पिसाचे तीन-तीन तंतू दोन्ही बाजूला, मण्यामागनं गळाच्या टोकापर्यंत पोचतील एवढेच. पायाचं तर लई मनावर घेऊ नका. इंग्लंडात एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदी राखणारा माणूस होता, त्यानं बघितलं की ही पिल्लं पोहताना पाय अंगाला चिकटवून घेत्यात, म्हणून त्यानं आपल्या फ्लायला पायच लावले नाहीत. दोऱ्याच्या जागीसुद्धा तांब्याची तारच वापरली, वजनबी तेच आणि बांधणंबी तेच. फेझंटच्या शेपटीची त्याची ती फ्लाय आज जगभर बांधत्यात.

जर लावली असेल तर आता पुढं ओढून मण्यामागं दाबा, तीन घट्ट वेढे, उरलेली कापा. शेवटची गाठ: दोऱ्याचा एक फास रिफिलच्या टोकावर घ्या, नळी नेढ्यावर ठेवा, फास मण्यावरनं मागं सरकवून मणी आणि छाती यांच्या फटीत ओढून बसवा. रिफिल मण्यावर बसत नसेल तर जाड ज्यूसची नळी चालते. असे चार फास. सुईच्या टोकावर नेलपॉलिश घेऊन फक्त त्या फटीत लावा, मोरपिसाला लागलं तर ते चिकटून चपटं होतंय. पाणी अगदी निवळ असेल तर मण्याच्या चकाकीला मासे बुजत्यात, तेव्हा मण्यावर काळं नेलपॉलिश मारायचं.

आणि मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टाका. कोरडी फ्लाय पहिल्यांदा बुडबुडे सोडते, म्हणून बोटानं दाबून भिजवून परत टाका. सरळ, डोकं खाली करून गेली पाहिजे. तरंगत-तरंगत गेली तर अंगावर लोकर जास्त झाली. जुना टूथब्रश मारा, सैल केस निघून जात्यात आणि उरलेले पायासारखे उभे राहत्यात.

टाकायची कुठं

आपल्या जिल्ह्याचं नाव ज्या बंधाऱ्याला पडलंय तो के.टी. वेअर (कोल्हापूर टाइप बंधारा) म्हणजे निंफची हक्काची जागा. पावसाळ्यात बरगे काढलेले असत्यात, पाणी लाल आणि जोरात असतंय, तेव्हा सोडून द्या. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं चालली असताना काठावर काठी घेऊन उभं राहणारे महाभाग दरवर्षी दिसत्यात, त्यातले होऊ नका. ऑक्टोबरपासनं बरगे घातले की खाली पाणी निवळतंय, फटींतनं पडणाऱ्या धारांनी त्यात हवा मिसळते आणि खालच्या खडकांत मासे गोळा होत्यात. पण वरनं कधी पाणी सोडतील याचा नेम नसतोय, बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याला उतरू नका. धरणांचे जलाशय मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेले असत्यात, तिथं आधी विचारा, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर नकोच.

फ्लाय रॉड पाहिजेच असं नाही. जपानमधी टेंकारा म्हणून प्रकार आहे, लांब काठी, रीळ नाही, काठीच्या टोकाला दोरी आणि दोरीला फ्लाय. आपली बारा फुटी कळकाची काठी आणि तेवढंच तंगूस, झालं काम. शेवटचे तीन फूट तंगूस बारीक लावा, चिलापीला ०.१८ मिमी पुरे, बारीक तंगूस पाणी लवकर कापतंय आणि फ्लाय लवकर बुडते. तरंगायला मोरपिसाच्या दांड्याचा दोन इंची तुकडा, फ्लायपासनं पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. फ्लाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका आणि काठी तिच्याबरोबर फिरवत न्या, ओढायचं नाही. तुकडा अधूनमधून अडखळला पाहिजे, म्हणजे फ्लाय तळ घासतेय. एकदाबी अडखळला नाही तर खोली वाढवा किंवा जड फ्लाय लावा. अडखळून थांबला की दरवेळी मनगटानं हलका झटका द्या, दगड आहे का मासा हे विचार करत बसलात तर मासा थुंकून मोकळा होतोय. खडस असण्याची शक्यता असेल तिथं तंगूस ०.२८ च्या खाली नको, आणि मिळाला तर हात ओला करून, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा आणि जाऊ द्या, हे मासे आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

घरी आल्यावर ओल्या फ्लाय डबीत बंद करू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर एका रात्रीत गळ गंजून लोकरीला तांबडा डाग पडतोय. थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून पंख्याखाली ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी डबीत टाकताना टोक नखावर घासून बघा, नखावर सरकलं तर बारीक कानस मारायची.